मल्लोजीअण्णाची कॉलेजं

मल्लोजीअण्णाकडे सायकल होती, पण बंगळुरातल्या आमच्या बळेपेटेत त्याला सायकलवर बसलेला फार थोड्या लोकांनी बघितला असेल. सायकल सरकारी होती. शिक्षणखात्याच्या कचेरीत तो अटेंडर होता, म्हणजे चपराशी. कचेरीतलं टपाल कॉलेजांत पोचवायचं आणि कॉलेजांतलं कचेरीत आणायचं, हे त्याचं काम. टपाल घेऊन निघाला की तो सायकलवर बसायचा. स्वतःच्या कामाला निघाला की तीच सायकल हातात धरून चालायचा. संध्याकाळी आमच्या गल्लीत तो सायकलीला फिरवून आणल्यासारखा यायचा. कुणी विचारलं, "यन्री मल्लोजीराव, पंक्चर काय?" तर म्हणायचा, "नाही. ड्यूटी संपली तिची."

त्याची आठवण निघायला कारण झालं ते माझ्या धाकट्या मुलाच्या घरी. तो सर्जापूर रोडला राहतो, नवव्या मजल्यावर. नातीच्या कॉलेजचा विषय चालला होता. टेबलावर गुळगुळीत कागदाची पुस्तकं पसरलेली, एकात पोहायचा तलाव, एकात घोडे. मी सगळी चाळली आणि विचारलं, "ह्यात शिकवणारे मास्तर कुठल्या पानावर आहेत?" मुलगा म्हणाला, "अप्पा, तुम्ही स्वल्प गप्प बसा." मी गप्प बसलो. पण मनात म्हटलं, मल्लोजीअण्णा असता तर ह्या पोराला उठवून चालायला लावला असता.

मी शिंपी. कानडी चौथीपर्यंत शिकलो. मराठी घरची, अक्षर वडिलांनी पोथीवरून गिरवून घेतलं. त्यामुळे चुकलंमाकलं असेल तर असू दे. मल्लोजीअण्णाबद्दल मीच लिहायला पाहिजे, कारण त्याला सगळ्यात वाईट बोललो तो मी.

माणूस उंच, काटकुळा. पांढरा लांब कोट, त्यावर पितळी बिल्ला, डोक्याला पागोटं. कोटाचं वरचं बटण गळ्याशी लावलेलं असलं तर तो ड्यूटीवर, उघडं असलं तर आपल्यातला. शिक्षण माझ्याएवढंच, उलट एक वर्ष कमीच. इंग्रजी मोठी अक्षरं त्याला यायची, कारण पाकिटांवरचे पत्ते वाचावे लागत. पण बंगळुरात कुठल्या कॉलेजात काय शिकवतात, कुठे फी माफ होते, कुठे वसतिगृहात फुकट जेवण मिळतं, हे त्याच्याइतकं माहीत असलेला माणूस मी बघितलेला नाही. वीस वर्षं तो त्या दारांतून आत-बाहेर करत होता. प्रत्येक कॉलेजात त्याच्यासारखाच एक अटेंडर असायचा, आणि हे सगळे अटेंडर दुपारी एका हॉटेलात बाय-टू कॉफी प्यायला जमायचे. एका पेल्यातली कॉफी दोघांत आणि दोन कॉलेजांच्या बातम्या चौघांत. प्रिन्सिपॉलला माहीत नसेल ते त्या बाकड्यावर माहीत असायचं.

जूनमध्ये निकाल लागला की त्याच्या ओट्यावर गर्दी व्हायची. फुलवाले, विणकर, गिरणीतले कामगार, पोरांचे मार्कांचे कागद घेऊन. तो कागद हातात घ्यायचा नाही. पोराकडे बघून विचारायचा, "काय करायला आवडतं?" पोरगं बापाकडे बघायचं. मग हा बापाला म्हणायचा, "तुम्ही जाऊन तपकीर घेऊन या." बाप तपकीर घेऊन येईपर्यंत पोराच्या पोटातलं बाहेर आलेलं असायचं.

कॉलेज पारखायची त्याची रीत होती. आधी तो नळाचं पाणी प्यायचा. "जे पोरांना प्यायचं पाणी नीट देत नाहीत, ते पुढचं काय देणार?" मग ग्रंथालयात जायचा आणि पुस्तकांच्या कडा बघायचा. कड पांढरी असली तर पुस्तक कपाटातच म्हातारं झालं. कड काळी असली, कोपरे दुमडलेले असले, की मान हलवायचा. "वाचतात इथं." इमारतीकडे मात्र तो मान वर करूनही बघायचा नाही. म्हणायचा, "इमारत शिकवत नाही, गणपा. इमारत ऊन अडवते."

मी गणपतराव. पण मल्लोजीअण्णा मला गणपाच म्हणायचा.

त्याचं सगळं बरोबरच यायचं असं मुळीच नाही. स्वतःच्या भाच्याला त्यानं मोठ्या हौसेनं शेतकी कॉलेजात घातलं. भाचा बैलाला घाबरायचा. तीन महिन्यांत परत आला. आम्ही वर्षभर मल्लोजीअण्णाला रस्त्यात बैल दिसला की सांगायचो, "अण्णा, जरा बाजूला व्हा, तुमच्या घराण्यात चालत नाही." तो रागवायचा. स्वतः बरोबर असण्याची त्याला भारी हौस होती आणि चूक निघाली की दोन दिवस जेवण जायचं नाही.

एक ईरण्णा म्हणून मुलगा होता, तुमकूरकडचा, आईला एकटा. त्याला इंजिनिअर व्हायचं होतं, आणि त्याच्या मार्कांना तिथं जागा नव्हती, असती तरी खर्च झेपणारा नव्हता. मल्लोजीअण्णानं त्याला सरकारी पॉलिटेक्निकची वाट दाखवली. डिप्लोमा करायचा, नोकरी धरायची, मग नोकरी करत करत पुढचं शिकायचं. राहायला धर्मशाळेची खोली. जेवणाचं काय? तर वार लावून दिले. सात घरं, सात वार. गुरुवार आमच्या घरी. माझ्या बायकोला, सावित्रीला, त्यानं बजावलं, "अक्का, वाढताना त्याच्या तोंडाकडे बघू नका, ताटाकडे बघा. तोंडाकडे बघितलं की पोराला घास गिळत नाही." तीन वर्षं ईरण्णा दर गुरुवारी आमच्याकडे जेवला, आणि मान वर करून, पोटभर जेवला. पुढे धरणाच्या कामावर मोठा साहेब झाला. पण ती त्याची गोष्ट.

आता माझी. साठ सालच्या आसपास माझी थोरली मुलगी वत्सला एस.एस.एल.सी.ला मुलींच्या शाळेत पहिली आली. रसायनाचं तिला वेड. घरात लिंबू पिळलं तरी त्यात सोडा टाकून बघायची. मल्लोजीअण्णाचा तिच्यावर जीव. तो तिला पुट्टी म्हणायचा, कानडीत लहान मुलीला म्हणतात तसं, आणि ती त्याला दोड्डप्पा, म्हणजे थोरले काका.

तेव्हा गावात एक मोठं कॉलेज होतं. दगडी इमारत, कमानी, पुढे हिरवळ. आम्ही त्याला दगडी कॉलेजच म्हणायचो. तिथल्या मुलामुलींचे ब्लेझर मी शिवायचो. निळं फ्लॅनेल, पांढरं अस्तर, खिशावर चिन्ह. दहा वर्षांत किती शिवले असतील त्याला मोजदाद नाही. दर जूनला माझ्या दुकानात ते कोट हँगरला टांगलेले असायचे आणि मी प्रत्येक वेळी मनात म्हणायचो, ह्यातला एक माझ्या घरचा असेल. वत्सला पहिली आली त्याच आठवड्यात मी तिच्या मापाचा ब्लेझर शिवला. अर्ज भरला नव्हता, फी विचारली नव्हती. कोट तयार. शिंप्याच्या घरात असंच होतं, आधी कपडा, मग प्रसंग.

फी विचारून आलो तेव्हा माझा चेहरा उतरला. पण मी हट्टी. दोन मशीनी होत्या, त्यातली नवी विकायची ठरवली. एका मशीनवर रात्रंदिवस बसेन म्हटलं. सावित्री म्हणाली, "पहिल्या वर्षाला मशीन विकलं. दुसऱ्या वर्षाला काय विकणार? मला?" आणि तिकडे होसूरचा माझा मेहुणा टपूनच होता. कपड्याच्या दुकानवाल्या घराचं स्थळ त्यानं आणलं होतं. त्याचं म्हणणं, झेपणार नसेल तर उगाच पोरीला उन्हात कशाला उभी करता, श्रावणात उरकून टाका. मी त्याला सांगितलं, "पोरगी शिकेल तर दगडी कॉलेजात. नाहीतर तुझ्या दुकानवाल्याकडे." रागात बोललो. पण माझं बोलणं म्हणजे शिवण, उसवत नाही. वत्सला आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला तेवढाच.

संध्याकाळी मल्लोजीअण्णा आला. सायकल दुकानाला टेकवली. कोटाचं बटण उघडं होतं.

"गणपा, मशीन विकतोस म्हणे."

"विकतो."

"पुट्टीला विचारलंस, तिला काय शिकायचंय?"

"रसायन."

"रसायन ह्या गावात चार ठिकाणी शिकवतात. तू एकच दार बघतोस."

माझं डोकं फिरलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर मी बोललो, "तू चपराशी माणूस, मल्लोजीअण्णा. तुला मागचीच दारं माहीत असणार. माझी मुलगी पुढच्या दारानं जाईल."

त्यानं तपकिरीची डबी काढली, उघडली, न ओढताच बंद केली. सायकल घेऊन चालत गेला.

मला वाटलं, आता हा माणूस माझ्या दारात पाऊल टाकणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सायकलची घंटी वाजली. रजा काढून आला होता.

"चल," म्हणाला. "अर्जाला पाच दिवस आहेत. पुट्टीला पण घे."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "चपला घाल."

तीन दिवस आम्ही चाललो. पुढे तो आणि सायकल, मागे मी, आणि आमच्यामध्ये वत्सला. बसवनगुडीचं एक कॉलेज बघितलं, स्वस्त होतं, पण प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर धूळ. वत्सलानं बोटानं धूळ पुसून लेबल वाचलं आणि बाटली परत ठेवली. मल्लोजीअण्णा म्हणाला, "सरी, झालं बघून. पुढे." मल्लेश्वरमला बायकांचं एक होतं, नीटनेटकं, पण तिथं विज्ञान म्हणजे स्वयंपाकाचं. तिथल्या बाईंनी कौतुकानं सांगितलं, आम्ही भाताचे नऊ प्रकार शिकवतो. मल्लोजीअण्णानं नमस्कार केला आणि फाटकाबाहेर येऊन म्हणाला, "ते हिच्या आईकडे फुकट आहे."

तिसऱ्या दिवशी सरकारी कॉलेज. जुनी बैठी इमारत, आणि रसायनाची प्रयोगशाळा मागच्या अंगणात, वर पत्रे. वर्षभर इथं काय तापत असेल, असं मनात आलं. माझं मन खट्टू झालं. मल्लोजीअण्णा नळाचं पाणी प्यायला, त्यानं पुस्तकांच्या कडा बघितल्या, आणि आम्हाला पत्र्याखाली घेऊन गेला. आत रसायनाचे प्रोफेसर उभे होते. टक्कल, जाड चष्मा, हातात काचेची नळी. मी शिंपी, माझी नजर आधी कपड्यावर. त्यांच्या कोटाला भोकं. बाहीला चार, पोटावर सहासात, एक तर खिशाच्या तोंडाशीच. बारीक, गोल, कडा पिवळ्या. मला वाटलं कसर लागलीय. एवढा शिकलेला माणूस आणि अंगावर किड्यांनी खाल्लेला कोट. मला दया आली. खरंच आली. मी पुढे होऊन कानडीत म्हटलं, "सार, कोट द्या. रफू करून देतो. पैसे नकोत."

प्रोफेसरांनी कोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हसायला लागले. "करून द्या," म्हणाले. "पण उद्या पुन्हा पडतील. ॲसिड आहे. पोरांच्या शेजारी उभं राहून करून दाखवावं लागतं ना."

वत्सला तोवर त्यांच्या नळीकडे बघत होती. त्यांनी तिला विचारलं, "हे निळं का झालं सांगशील?" तिनं सांगितलं. त्यांनी अजून एक विचारलं. तेही तिनं सांगितलं. तिसऱ्याला ती अडली. तर ते म्हणाले, "आता ये, दसरा यायच्या आत तुला येईल." आणि दोघं त्या मेजाजवळ वाकून बोलत राहिले. आम्ही दोघं म्हातारे जसे काही तिथं नव्हतोच.

परत येताना मल्लोजीअण्णानं एवढंच विचारलं, "गणपा, दगडी कॉलेजच्या मास्तरांचे कोट तुझ्याकडे येतात ना?"

"येतात."

"कशाला येतात?"

मी मग म्हटलं, "पोटावर सैल करायला."

तो हसला नाही. त्याला हसायची गरज नव्हती. माझ्या हातांना दहा वर्षं माहीत होतं ते माझ्या डोक्याला त्या दिवशी कळलं. त्या कोटांच्या बाह्या किती स्वच्छ असायच्या ते मला आठवलं. सगळेच तिथं तसे असतील असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे आले ते तसे होते. पण माझ्यापुरता निकाल लागला. घरी येऊन वत्सलाला विचारलं, "तिथं जाशील?" ती म्हणाली, "अप्पा, दगडी कॉलेज तुम्हाला पाहिजे होतं. मी कधी मागितलं?" खरं होतं. तिनं कधीच मागितलं नव्हतं. ब्लेझर मी एका गिऱ्हाइकाच्या मुलीला दिला, दोन इंच आत घेऊन.

होसूरच्या मेहुण्याला मी पत्र लिहिलं. आयुष्यात उसवलेली माझी ती एकच शिवण.

पण जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. मी मल्लोजीअण्णाला हळूच म्हटलं, "अण्णा, अर्ज तुझ्याच हातून जाणार. तेवढा वरच्या बाजूला..." त्यानं माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा मी त्याला चपराशी म्हटलं होतं ते परवडलं. म्हणाला, "मी फाइल नेतो, गणपा. फाइल हलवत नाही. हलवली असती तर तुझ्यासारखे शंभर माझ्या ओट्यावर पेढे घेऊन बसले असते, आणि ईरण्णासारखे शंभर घरी." यादी लागली त्या दिवशी तो ड्यूटीवर होता म्हणून बघायलासुद्धा थांबला नाही. मी गर्दीत घुसून वाचायला लागलो, इंग्रजी मला येत नव्हतं, वत्सला मागून म्हणाली, "अप्पा, वरून अकरावं." मी ती ओळ बोटानं दाबून धरली. कुणीतरी ढकललं तेव्हाच बोट काढलं.

तिथं मुली सात आणि मुलगे साठ. पहिल्याच महिन्यात ती दावणीला, म्हणजे अंगावरच्या अर्ध्या साडीला, भोक पाडून घेऊन आली. सावित्री म्हणाली, रफू करा. मी नाही केलं. शेजाऱ्यांना, गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवायचो. "ॲसिड आहे. हातानं करावं लागतं," म्हणायचो, जसं काही मीच केलं होतं. ती बी.एस्सी. झाली, स्कॉलरशिपवर एम.एस्सी. झाली, आणि मुलींच्या एका सरकारी कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागली. बळेपेटेतल्या आमच्या लोकांत पहिली. मी सांगितलं नसतं तरी गल्लीला कळलं असतं, पण मी सांगितलं.

मल्लोजीअण्णा गेला तेव्हा मी गावात नव्हतो, एका लग्नाला गेलो होतो. परत आलो तर ओट्यावर फक्त बायकामाणसं. म्हणून त्याचं मी नीट बघितलेलं शेवटचं दर्शन म्हणजे त्याच्या आधीचं, तो रिटायर व्हायच्या वर्षातलं.

सावित्री माहेरी गेली होती आणि घराची किल्ली वत्सलाला द्यायची होती, म्हणून मी तिच्या कॉलेजात गेलो. ती प्रयोगशाळेच्या बाजूच्या खोलीत टेबलापाशी बसली होती. मी भिंतीशी स्टुलावर. इतक्यात दारात मल्लोजीअण्णा. पागोटं, बिल्ला, बटण गळ्याशी लावलेलं. माझ्याकडे बघितलंच नाही. वत्सला ताडकन उठली.

"दोड्डप्पा, या, बसा."

"तू बस. मी ड्यूटीवर आहे." त्यानं पिशवीतून लांब पाकीट काढलं. तिच्या नोकरीत कायम झाल्याची ऑर्डर होती. मग टपालवही उघडून तिच्यापुढे ठेवली आणि ओळीवर बोट ठेवलं. "इथं सही."

तिनं घाईनं सही केली, हल्ली करतात तशी, एक गिरगोटा आणि खाली रेघ. त्यानं वही उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि परत खाली ठेवली.

"हे कुणाचं नाव? मला वाचता येत नाही. मोठ्या अक्षरांत लिही. पूर्ण. बापाचं पण. आणि खाली हुद्दा."

तिनं लिहिलं. तो उभ्यानंच वाचत गेला, एकेक अक्षर, ओठ हलवत. वत्सला. गणपतराव. मग खालची ओळ, ती लांब होती, तिला वेळ लागला. केमिस्ट्रीपाशी एकदा अडला, मागे गेला, पुन्हा वाचली. शाईवर फुंकर मारली, वही मिटली, बगलेत धरली. आणि साहेबांना करायचा तसा, ताठ उभं राहून, हात कपाळाला लावून सलाम केला.

वत्सला टेबलामागून पुढे आली. "दोड्डप्पा, मला कशाला..."

"तुला नाही, पुट्टी," तो म्हणाला. "त्या खालच्या ओळीला."